सुयांवरच्या रंगीत नक्षीत मागून जाणाऱ्या धाग्याला शब्द

प्रश्न (सातारा) : उरल्यासुरल्या लोकरीतून रंगीत नक्षीचा स्वेटर कसा आखायचा, हे शेजारच्या बायकांसाठी मराठीत लिहून काढते आहे. टाके घालणं, सुलट-उलट, टाके बंद करणं, या सगळ्याला शब्द आहेत. अडलंय एकाच जागी. फेअर आइलच्या पद्धतीत एका ओळीत दोन रंग चालतात. ज्या रंगाची पाळी नसते, तो मागच्या अंगाने मोकळा जातो. त्याला ‘आडवा धागा’ म्हणू का?

मिरजेहून : ताई, ‘आडवा’ नको. आपण मागावरच्या कामालाही विणणंच म्हणतो आणि सुयांवरच्याही. माण-खटावातल्या बाईच्या डोळ्यांपुढे लगेच घोंगडी येईल. घोंगडीत आडवा धागा काढला तर कापडच उरणार नाही. स्वेटर उभा राहतो तो फासात फास अडकून. मागचा धागा नुसता पुढच्या पाळीपर्यंत चाललेला असतो.

वाईहून : ‘धावदोरा’ कसा वाटतो?

मिरजेहून : तो शिवणातला टाका, गोंधळ होईल. शिवाय लोकरीला दोरा कोण म्हणतं?

कराडहून : शब्द आपल्या तोंडातच आहे की. उलट टाका शिकवताना आपण ‘लोकर पुढे घ्या’ म्हणतो, सुलटाला ‘लोकर मागे’. मग याला ‘मागून नेलेली लोकर’ म्हणा. नुसतं ‘मागची लोकर’ लिहिलंत तर सुलट टाक्याची लोकर समजतील, म्हणून ‘नेलेली’ गाळू नका. आणि ती सैल न्यायची, हे ठळक लिहा. आवळली की नक्षी चुरमडते, बाहीत हात जात नाही. पाचाहून जास्त टाके मोकळी जात असेल तर मध्ये एकदा चालू लोकरीखाली अडकवून घ्यायची, नाहीतर घालताना बोटं अडकतात. ही जादा लोकर वजनातही धरा. नक्षीच्या पट्ट्याला साध्या विणीपेक्षा जास्त लागते.

प्रश्नकर्ती : मनापासून पटलं. हेच लिहिते. आता दुसरं. कोणता रंग कोणाशेजारी ठेवायचा ते सांगायला ‘रंगसंगती’ पुरेल?

कराडहून : माझ्या मते नाही. संगती जमूनही नक्षी बुडते. लाल आणि हिरवा वेगळे दिसतात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर लांबून फुलं ओळखू येत नाहीत. इथे ‘उठाव’ हवा. अमुक रंग तमक्यावर उठतो, असं आपण लुगड्याच्या काठाबद्दलही बोलतोच. लोकरीचे गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढायला सांगा. दोन्ही एकाच करड्या छटेत आले तर ती जोडी एका ओळीत नको.

मिरजेहून : आणि ‘जाडी’ विसरू नका. बारीक फोर प्लाय लोकर आणि तिच्याहून जाड डबल निटिंग लोकर एकाच ओळीत घेतली तर टाके लहानमोठे होतात. आधी सारख्या जाडीचे गुंडे वेगळे काढायचे. सर्वांत जास्त वजनाचा रंग ‘जमिनी’ला, छोटे गुंडे दोन-तीन ओळींच्या पट्ट्यांना.

प्रश्नकर्ती : नक्षीखालच्या रंगाला ‘जमीन’! साडीला म्हणतो तसंच. मी ‘पार्श्वभूमी’ लिहिलं होतं, ते खोडते.

वाईहून : ‘कलरवर्क’ला ‘रंगकाम’ तेवढं लिहू नका. घराला रंग द्यायचाय असं वाटेल. ‘रंगीत नक्षी’च बरं.