चोर्ला घाटाच्या तोंडावर शक्तिमान ट्रक बंद पडतोय

सत्तरीकर: बेळगावातनं मिलिटरीचा जुना शक्तिमान घेतला, जबलपूर फॅक्टरीचा, साखळीला न्यायचाय पण जांबोटी सोडल्यापासनं चढाला दम टाकतो नि बंद, डिझेलचा हँडपंप मारला की परत चालू. आता कणकुंबीला चहा पीत बसलोय. घाट उतरू का?

फोंडेकर: बाब, डिझेल लाईन हवा ओढतेय. टाकी ते पंप सगळे जोड आवळ, वॉशर बघ, मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेस्तोवर पंप मार. ते झाल्याशिवाय उतरू नको. उतारावर खालचा गिअर, ब्रेक दाबून बसलास तर तापून लागणारच नाहीत.

म्हापश्याचो: रंग पण बदला हां, ऑलिव्ह ग्रीन फक्त सैन्याच्या गाड्यांना, मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वाचा.

सत्तरीकर: फिल्टरकडचा वॉशर पार चपटा निघाला! बायको विचारतेय ठेवणार कुठे, त्यावर कोणी सांगा.