मदत हवी आहे: घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत (चांगल्या घोड्याला जास्त वजन) आधी वजन बघायचं की ट्रॅकवर्क (सकाळचा सराव)?

महालक्ष्मी रेसकोर्सचं रविवारचं कार्ड (शर्यतींची यादी) आदल्या रात्री वाचून अंदाज मांडतो, फक्त कागदावर. टर्म्सच्या शर्यती (वजन ठरलेल्या अटींवर) बऱ्यापैकी जमतात, हँडिकॅपला घोडं अडतं. मागचे निकाल, जॉकी, ड्रॉ (सुरुवातीचं गेट) सगळं पाहून झालं. पेच असा: १४०० मीटरला एक घोडा पुण्यात जिंकून आलेला, पण रेटिंग (कामगिरीचे गुण) वाढल्याने आता ६० किलो घेऊन पळणार. दुसरा ५२ किलोवर, मागच्या वेळी चौथा, मात्र ट्रॅकवर्कमध्ये शेवटचे ६०० मीटर सुसाट. (सकाळी पाठीवर किती वजन होतं, देव जाणे!) नोकरीमुळे पहाटे रेसकोर्सवर जाता येत नाही, छापील वेळांवरच भिस्त. टिपा नकोत, त्या स्टँडमध्ये फुकट मिळतात. अशा वेळी कशाला जास्त महत्त्व द्यायचं, आणि अंतर २००० मीटर असेल तर हिशेब कसा बदलतो?