ग्लेंडा जॅक्सन : खासदारकीच्या २३ वर्षांत आपण काय गमावलं?

विंगेतून
थेट मुद्द्यावर येतो. ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन १९९२ मध्ये मजूर पक्षाच्या तिकिटावर लंडनच्या हॅम्पस्टेड आणि हायगेटमधून निवडून आली आणि २०१५ पर्यंत खासदार राहिली. एवढी वर्षं अभिनय बंद म्हणजे बंद. त्याआधीचा हिशोब बघा. दिग्दर्शक पीटर ब्रुकच्या 'मारा/साद' नाटकातली शार्लट कोर्दे, 'विमेन इन लव्ह' आणि 'अ टच ऑफ क्लास' या चित्रपटांची दोन ऑस्करं, आणि बीबीसीची मालिका 'एलिझाबेथ आर' (१९७१). त्यासाठी बाईंनी कपाळावरचे केस खरोखर भादरून घेतले, आणि सहा भागांत कोवळ्या राजकन्येपासून सत्तरीला टेकलेल्या राणीपर्यंतचा प्रवास केला. या ताकदीची नटी पंचावन्नाव्या वर्षी उठून जाते आणि बदल्यात काय मिळतं? १९९७ ते ९९ वाहतूक खात्याचं कनिष्ठ मंत्रिपद. मग लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत तिसरा नंबर. बाकी सगळा काळ मागच्या बाकावर, मंत्रिपद नसलेली साधी खासदार. तिथे बसायला दुसरा कोणीही चालला असता. इब्सेनच्या नाटकातली हेडा गाब्लर करायला चालला नसता. ही उधळपट्टी होती असं माझं मत आहे. ठोका आता.

मर्सीकाठ
ठोकतोच. बर्कनहेडच्या गवंड्याची मुलगी ती, आई घरोघरी साफसफाई करायची. शाळा सुटल्यावर दोन वर्षं 'बूट्स' कंपनीच्या औषध दुकानात काउंटरमागे उभी होती, मग शिष्यवृत्तीवर राडा या लंडनच्या नाट्यशाळेत गेली. अशा घरातल्या बाईला ऐंशीच्या दशकात थॅचरबाईंचं सरकार काय करतंय हे दिसत होतं आणि ते सहन होत नव्हतं. तुम्हाला हेडा हवी होती, तिला ते सरकार घालवायचं होतं. तिचं आयुष्य, तिचा निर्णय. प्रेक्षकाचं नटावर कर्ज असतं हे कधी ठरलं?

विंगेतून
थॅचर नोव्हेंबर १९९० मध्येच पंतप्रधानपदावरून गेल्या होत्या. बाई निवडून आल्या तेव्हा थॅचरांच्याच पक्षाचे जॉन मेजर पंतप्रधान होते, आणि ते जिंकले. म्हणजे ज्यासाठी रंगभूमी सोडली ते आधीच होऊन गेलं होतं, नाहीतर पुढची पाच वर्षं होणार नव्हतं.

मर्सीकाठ
व्यक्ती गेली हो, धोरण कुठे गेलं?

चौथी घंटा
दोघंही एक गोष्ट विसरताय. पंचावन्नाव्या वर्षी तिच्यापुढे भूमिका कोणत्या होत्या? स्वतः बाई वर्षानुवर्षं सांगत आल्या की आजच्या नाटककारांना स्त्रिया रस घेण्याजोग्या वाटतच नाहीत. पुरुषाला हॅम्लेट, मग मॅकबेथ, मग लिअर अशी चढती शिडी. बाईला क्लिओपात्रा झाली की थेट दाई आणि आज्या. ब्रुकबरोबर क्लिओपात्रा १९७८ मध्येच करून झाली होती. तिने रंगभूमी सोडली म्हणण्यापेक्षा रंगभूमीकडेच तिला द्यायला काही उरलं नव्हतं.

विंगेतून
हे मला अजिबात मान्य नाही. जुडी डेंच आणि मॅगी स्मिथ या अभिनेत्री दोघी १९३४ च्या, ग्लेंडा १९३६ ची. ज्या वर्षांत ही वाहतूक खातं बघत होती त्याच वर्षांत डेंचने 'मिसेस ब्राउन' केला आणि 'शेक्सपिअर इन लव्ह'मधल्या आठ-दहा मिनिटांवर ऑस्कर नेलं. मॅगी स्मिथबद्दल तर बोलायलाच नको. भूमिका होत्या, घ्यायला माणूस जागेवर हवं.

चौथी घंटा
उदाहरण छान दिलंत. व्हिक्टोरिया राणी, एलिझाबेथ राणी, आणि फटकळ खानदानी म्हाताऱ्या. ग्लेंडाची एलिझाबेथ पस्तिशीतच करून झाली होती, आणि एकदा नाही. त्याच वर्षी 'मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स' चित्रपटातही तीच राणी केली. साठीत पुन्हा मुकुट घालून बसायचं म्हणून थांबायचं होतं का?

उंबरठा९
मला वेगळंच खटकतं. राजकारण करायचंच होतं तर अभिनय सोडायची गरज काय? अभिनेत्री व्हनेसा रेडग्रेव्ह ग्लेंडापेक्षा जहाल. निवडणुकाही लढवल्या, हरल्या, आणि तरी काम थांबवलं नाही. दोन्ही करता येतं.

मर्सीकाठ
हरल्या, हाच तर फरक. व्यासपीठावरून बोलणं एक, आणि मतदारसंघातल्या माणसाचं घरभाडं, गळकं छप्पर, अडकलेला अर्ज घेऊन आठवड्यामागून आठवडे बसणं दुसरं. आपल्याकडे नटमंडळी राज्यसभेत नेमली जातात आणि फोटोपुरती दिसतात, त्या चष्म्यातून हे बघू नका. २०१० ला मतदारसंघाची फेररचना झाली, हॅम्पस्टेड आणि किलबर्न झाला, आणि ती ४२ मतांनी निवडून आली. बेचाळीस! तिसऱ्या नंबरचा उमेदवारसुद्धा हजारापेक्षा कमी मतांनी मागे होता. त्यात तारांकित वलयाचा भाग किती आणि कामाचा किती, ते तुम्ही ठरवा. पण दौरे करत, नाटकं करत ही जागा टिकली नसती. शिवाय इराक युद्धाला तिने स्वतःच्या पक्षाच्या पंतप्रधानाविरुद्ध विरोध केला. मागचा बाक म्हणून हिणवताय, तिथूनच हे करता येतं.

फुटलाइट
मूळ लेखात एक मोठी गोष्ट राहिली. १० एप्रिल २०१३. थॅचर वारल्यावर संसदेत श्रद्धांजलीचं सत्र होतं. मजूर पक्षाचेही बहुतेक जण मोजून मापून गोड बोलत होते. ही उठली आणि आठवण कशाची काढली? लंडनच्या दुकानांच्या दारात रात्री झोपणारी माणसं, शाळांमधले पुस्तकांचे रिकामे कप्पे. लोभ आणि स्वार्थ हे दुर्गुण म्हणून शिकलो, ते त्या काळात सद्गुण ठरले, असं तिचं म्हणणं. समोरून आरडाओरडा चालू, एकाने हरकतीचा मुद्दा काढला, सभापतींनी सांगितलं की यात असंसदीय काही नाही. ते भाषण बघा. हात कसे वापरते, आवाज कुठे चढवते आणि कुठे मुद्दाम सपाट ठेवते. समोरचे ओरडतात तेव्हा ती थांबत नाही, त्यांच्यावरून आवाज नेते. माइक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असलेल्या माणसालाच हे जमतं. तेव्हा '२३ वर्षं अभिनय बंद' हे वाक्य मला तपासून घ्यावंसं वाटतं.

मेलेल्या माणसाबद्दल असं बोलावं का, हा वाद वेगळा. माझ्या मते तिथे बोलायला नको होतं. पण बोलली ती जबरदस्त.

उंबरठा९
श्रद्धांजलीच्या दिवशी हिशोब काढणं हे कुठल्याही संस्कृतीत असभ्यच.

मर्सीकाठ
सत्र सरकारने बोलावलं होतं, लोकांच्या पैशाने. घरच्या दहाव्याला जाऊन नाही बोलली ती.

चौथी घंटा
भाषण राहू द्या, तिने परत येऊन केलेल्या शेक्सपिअरच्या राजा लिअरवर या. २०१६, लंडनचं ओल्ड व्हिक थिएटर, दिग्दर्शक डेबोरा वॉर्नर, वय वर्षं ८०. दाढी नाही, पुरुषी आवाज काढायची धडपड नाही. म्हातारपणी बाई-पुरुष ही सीमारेषाच विरत जाते, असं ती म्हणायची. (इथल्या काहींना 'बाईने लिअर का?' असा प्रश्न पडेल. बालगंधर्वांच्या शालूला दाद देणाऱ्यांच्या पणतवंडांनी तो विचारू नये.) आपण लिअर ओळखतो तो विंदांच्या अनुवादातून, आणि त्याची सावली 'नटसम्राट'मध्ये. आपल्या डोक्यातला लिअर म्हणूनच थोडा हळवा आहे. राज्य वाटून टाकणारा सत्ताधारी आपल्याला फारसा दिसत नाही, मुलींनी टाकलेला बाप दिसतो. तेवीस वर्षं सत्तेच्या शेजारी बसलेली बाई पहिल्या प्रवेशात नकाशा समोर घेते, तेव्हा तिला ठाऊक असतं की खुर्ची सोडूनही मान हवा असलेली माणसं कशी वागतात. हे कुठल्या नाट्यशाळेत शिकवणार?

विंगेतून
फार सोयीचं आहे हे. संसदेत न जाता उत्तम लिअर करणारे डझनभर नट आहेत, त्यांना कुठे गरज पडली? तिने परत येऊन जे केलं त्यानेच माझा मुद्दा सिद्ध होतो. २०१८ ला ब्रॉडवेवर 'थ्री टॉल विमेन', टोनी पुरस्कार. २०१९ ला 'एलिझाबेथ इज मिसिंग'मधली स्मृतिभ्रंशाची म्हातारी, त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार. २०२३ च्या जूनमध्ये गेली आणि मायकल केनबरोबरचा 'द ग्रेट एस्केपर' त्यानंतर लागला. जेमतेम सात-आठ वर्षांत एवढं. मग मधल्या तेवीस वर्षांत किती झालं असतं?

चौथी घंटा
लिअर तरी नक्की नसता झाला. २००० साली कोण देणार होतं बाईला लिअर?

विंगेतून
अभिनेत्री कॅथरिन हंटरला १९९७ मध्ये मिळाला होता, त्याच इंग्लंडात. तेव्हा ग्लेंडाबाई वाहतूक मंत्रालयात होत्या.

फुटलाइट
आणि ग्लेंडाला तो सुचला बार्सिलोनात स्पॅनिश अभिनेत्री नुरिया एस्पर्टला लिअर करताना पाहून. ती एस्पर्ट म्हणजे १९८६ ला लंडनमध्ये लोर्काच्या नाटकात तिला दिग्दर्शित करणारी. ही ओळख संसदेच्या आधीची आहे, एवढं विंगेतून यांच्या बाजूने. कॅथरिन हंटर मात्र तेव्हा चाळिशीत होती. तिने म्हातारपण उभं केलं, ग्लेंडाला ते उभं करावं लागलं नाही. त्यामुळे १९९७ ची तुलना चालणार नाही.

विंगेतून
पस्तिशीत सत्तरीची राणी जिने उभी केली, तिच्याबद्दल बोलतोय आपण. वाढत्या वयाची वाट बघायची गरज तिला होती असं म्हणताय?