मदत हवी आहे: भिंतीच्या कागदावर छापलेला १८६३ चा 'डेली सिटिझन' अस्सल आहे का, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

थोडं घाईत लिहिते आहे. शनिवारपर्यंत विक्रेत्याला हो किंवा नाही कळवायचं आहे.

मी मेम्फिसला राहते. गेली सहा वर्षं अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातली (१८६१ ते १८६५) मूळ वर्तमानपत्रं जमवते आहे. बहुतेक 'हार्पर्स वीकली'चे सुटे अंक आणि थोडे 'न्यूयॉर्क हेराल्ड'. गेल्या आठवड्यात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात विक्सबर्गचा 'द डेली सिटिझन' दिसला, २ जुलै १८६३ चा, चौकटीत बसवलेला. पाहून हात थरथरले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मिसिसिपी नदीकाठच्या, दक्षिणेच्या ताब्यातल्या विक्सबर्गला उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या फौजेचा ४७ दिवस वेढा होता. लोक टेकड्यांत गुहा खणून राहत होते. छापायचा कागद संपला, तेव्हा संपादक जे. एम. स्वॉर्ड्‌स यांनी भिंतीला लावायच्या नक्षीच्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर अंक काढले. २ जुलैच्या अंकात त्यांनी ग्रँटची टर उडवली होती: ससा शिजवायचा तर आधी तो पकडावा लागतो. ४ जुलैला शहर पडलं. आत शिरलेल्या उत्तरेच्या सैनिकांना छपाईचे खिळे (धातूची अक्षरं) जुळवलेले तसेच सापडले. त्यांनी शेवटी एक टीप जोडली, ग्रँटने ससा पकडला म्हणून, आणि अंक छापून काढला. एकाच पानावर दोन्ही बाजू बोलतात, म्हणून हा अंक मला इतका हवासा वाटतो.

अडचण अशी की याच्या तीसहून जास्त नकला निघाल्या आहेत. त्यातल्या काही भिंतीच्या कागदावरच छापलेल्या आहेत, त्यामुळे मागची नक्षी हा पुरावा धरता येत नाही. खिळ्यांचा ठसा कागदात उमटलेला दिसतो, पण एकोणिसाव्या शतकातल्या नकलाही खिळ्यांनीच छापल्या, तेव्हा तेही पुरेसं नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने अस्सल प्रतीच्या खुणा दिल्या आहेत. त्या धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोत तपासलं. वर्तमानपत्राचं नाव सगळं कॅपिटल अक्षरांत आहे, तसंच हवं. स्वॉर्ड्‌स यांच्या नावापुढे सहा टिंबं हवीत, ती मी तीनदा मोजली, सहाच आहेत. छापील मजकूर ९ १/८ इंच रुंद आणि १६ ७/८ इंच लांब हवा, पण चौकटीच्या पुठ्ठ्याखाली कडा झाकल्या गेल्यात, मोजता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण टिपेच्या पहिल्याच ओळीत: 'ग्रेट चेंजेस' या शब्दांनंतर पूर्णविरामाऐवजी स्वल्पविराम पडलेला असतो. माझ्या फोटोत नेमकी तिथेच काचेवरची चमक आली आहे.

दुकानदार भला माणूस आहे, पण विकत घेतल्याशिवाय चौकट उघडू देणार नाही. किंमत माझ्या एका महिन्याच्या घरभाड्याएवढी आहे. तीन वर्षांपूर्वी लिंकनच्या हत्येच्या बातमीचा 'हेराल्ड' मी असाच विश्वासाने घेतला आणि तो नंतरची नकल निघाला. कागद तपकिरी पडलेला, घडीवर तुटणारा. १८६५ चं वर्तमानपत्र चिंध्यांच्या लगद्याचं असतं, ते आजही कापडासारखं मऊ वळतं. तुटतो तो पुढच्या काळातला लाकडाच्या लगद्याचा कागद. हे तेव्हा ठाऊक असतं तर फसले नसते.

तर माझे प्रश्न:

चमक न येऊ देता काचेतून एवढ्या बारीक अक्षराचा फोटो कसा काढावा? छायाचित्रण करणाऱ्यांनी कृपया सांगा. चौकट न उघडता आणखी काय पाहता येईल? शाईचा किंवा कागदाचा अनुभव असलेलं कुणी आहे का?

दुसरा प्रश्न जरा पुढचा. दोन वर्षांत आम्ही कायमचे पुण्याला परतणार आहोत. इथे मी अंक आम्लमुक्त पेटीत आडवे ठेवते, प्रत्येकाला मायलरचं (पारदर्शक पॉलिएस्टरचं) पाकीट. लॅमिनेशन किंवा सेलोटेप अजिबात नाही. पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा, बुरशी आणि कसर यांना घरच्या घरी कसं आवरायचं? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. तिथे खाजगी संग्रहातले कागद कुणी दुरुस्त करून घेतले असतील तर अनुभव जरूर लिहा.

संपादन: खाली विचारलंय की हे सगळं स्कॅन करून जालावर असताना मूळ प्रत कशाला. वाचायला मी स्कॅनच वापरते, नाजूक कागद सारखा उलगडत नाही. पण या पानामागची नक्षी कुणाच्या तरी घराच्या भिंतीवर लागायची होती. ती खरीच तिथली आहे का, एवढं मला जाणून घ्यायचं आहे.

दुसऱ्या एका प्रतिसादात सुचवलंय की काचेसमोर काळं कापड धरून बाजूने उजेड टाकावा. उद्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत भिंग घेऊन जाते आणि त्या स्वल्पविरामाचा फोटो इथेच टाकते. कृपया पाहून मत द्या.