गोदावरी: पाळण्यातलं नाव की आजीच्या काळातलं?

नदीकाठ: गंगू, यमू, भागीरथी पाळण्यातून केव्हाच उतरल्या. 'गोदावरी' मात्र परत यावं असं माझं ठाम मत. 'गो' म्हणजे गाय, तसंच पाणीही. ते देणारी ती गोदावरी. चार अक्षरं, जोडाक्षर नाही, शेवट दीर्घ.

मीमांसक: शेवट दीर्घ हा मनूचा निकष (मनुस्मृती २.३३). मग त्याचंच ३.९ वाचा: नक्षत्र, वृक्ष, नदी यांचं नाव असलेली मुलगी वरू नये!

नदीकाठ: ते मराठी घरांनी जुमानलं कधी? आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघी माहेरच्या यमुना. टिळकांच्या सत्यभामाबाई माहेरी तापी. रोजच्या स्नानाला 'गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति' म्हणणाऱ्यांना लेकीला हाक मारतानाही पुण्य हवं होतं.

मीमांसक: पण सासरी नाव बदललंच ना? १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झाल्यावर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

तांदूळ-अंगठी: त्याचा मनूशी संबंध जोडू नका. ताम्हनात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहायची रीतच होती. माहेरची कमला असली तरी बदलायचं. उलट वारली आदिवासींचा लढा उभारणाऱ्या गोदावरी परुळेकर लग्नाआधी गोदावरी गोखले. आडनाव बदललं, गोदावरी राहिली.

सूत्रधार: फोड मात्र नीट करा. 'गोदा + वरी' नव्हे, 'गो + दावरी'. 'दावन्' म्हणजे देणारा. 'वनो र च' या पाणिनीय सूत्राने न् चा र् होऊन स्त्रीलिंगी 'दावरी', जसं पीवन्‌चं पीवरी. 'वरी म्हणजे श्रेष्ठ' हे नावांच्या पुस्तकांतलं पाणी. गंमत म्हणजे नुसतं 'गोदा' म्हटलं तरी अर्थ तोच उरतो. तमिळनाडूत मात्र गोदा म्हणजे संत कवयित्री आंडाळ. तिथे मूळ शब्द 'कोदै', माळ.

व्यवहारी: अर्थ कितीही चोख असो, हाक कोणती मारणार? गोदू, गोदे, नाहीतर गोदी. मुंबईत गोदी म्हटल्यावर जहाजं आठवतात, वर्गातली पोरं सोडतील का? इंग्रजीत लिहिलं की पहिल्या तीन अक्षरांत देवच येतो, परदेशात तेवढंच तोंडी बसेल. शिवाय 'व्ही'नंतरचा 'ए' कुणीतरी गाळतो आणि जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरंच. ठेवायचंच असेल तर स्पेलिंग आधी कागदावर लिहून सगळ्यांना दाखवा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. नाव मागाहून, वर्षभरात घातलं तरी विलंब शुल्क पडत नाही. घाई कशाला?

मीमांसक: त्यापेक्षा 'गौतमी' ठेवा. नदी तीच, आणि गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री याच नदीवरून.

सूत्रधार: नदीवरून नाही, गोत्रावरून. सातवाहन राजे मातृगोत्र लावत. वासिष्ठीपुत्र पुळुमावीची आई कुठल्या नदीवरून?

नदीकाठ: आणि गौतमी तीन अक्षरांत आटोपते. गोदावरीला वाहायला जागा लागते.