एकच झडप, आधी तीन पाकळ्या आणि आता दोन?

निशिगंधा:
सहा वर्षांच्या लेकीला तपासताना डॉक्टरांना मर्मर (ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू आला, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. रिपोर्टात 'महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) झडप तीन पाकळ्यांची' असं होतं. आठ महिन्यांनी दुसरीकडे केला, तिथे 'बायकस्पिड, सिस्टोलमध्ये डोमिंग', म्हणजे पाकळ्या दोनच, आणि हृदय आकुंचन पावताना झडप घुमटासारखी फुगते. हा दोष जन्मजात म्हणतात, मग मधल्या काळात तिसरी पाकळी गेली कुठे? आणि डोमिंग म्हणजे झडप अरुंद झाली असंच ना? दोन रात्री झोप नाही.

इकोवाला:
ताई, पाकळी कुठेही गेलेली नाही. चौदा वर्षं इको करतोय, मिटलेली झडप मोजली की हेच होतं. शॉर्ट अ‍ॅक्सिसमध्ये, म्हणजे झडपेच्या आडव्या छेदाच्या चित्रात, निरोगी झडप मिटली की तीन रेघा मधोमध मिळतात. बायकस्पिडमध्ये बहुतेकदा दोन पाकळ्या जन्मतःच चिकटलेल्या असतात, आणि त्या जोडाची जाड शिवण, म्हणजे राफे, हुबेहूब तिसऱ्या रेघेसारखी दिसते. खरं काय ते झडप उघडल्यावर कळतं. एकेक फ्रेम पुढे सरकवायची. तिन्ही सुट्या असतील तर त्रिकोणी तोंड उघडतं. शिवण असेल तर ती उघडतच नाही, माशाच्या तोंडासारखी लांबट फट दिसते. मूल रडत असलं, ठोके वाढलेले असले, की उघडलेली झडप मोजक्याच फ्रेममध्ये सापडते. म्हणून पोर शांत झाल्याशिवाय मी पाकळ्यांचा आकडा लिहीत नाही.

डोमिंग: निरोगी पाकळ्या उघडून महाधमनीच्या भिंतीला समांतर होतात. चिकटलेल्यांची टोकं आतच अडकतात, पोट फुगतं, घुमट दिसतो. पण घुमटावरून झडप किती अरुंद ते ठरत नाही, ते डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी तपासणी, सांगतो. पीक व्हेलॉसिटी, म्हणजे झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा सर्वाधिक वेग, किती लिहिलीय?

निशिगंधा:
सेकंदाला १.८ मीटर. गळती 'ट्रिव्हियल', म्हणजे नगण्य.

इकोवाला:
मग अडथळा फारसा नाही. मोठ्या माणसांत ४ किंवा वर गेली की तीव्र धरतात. चढत्या महाधमनीची (हृदयातून वर जाणाऱ्या तिच्या पहिल्या भागाची) रुंदी मात्र रिपोर्टात नसेल तर डॉक्टरांना नक्की विचारा, अशा झडपेबरोबर ती हळूहळू रुंदावू शकते.

सायंतारा:
माझीही बायकस्पिडच, ४१व्या वर्षी कळली. डॉक्टरांनी भावंडांचा आणि मुलांचाही इको करायला लावला. धाकट्या भावाची तशीच निघाली, त्याला कसलाच त्रास नव्हता. ताई, तुम्हा दोघांचाही करून घ्या.

निशिगंधा:
दुसऱ्या इकोची सीडी आत्ता लावून पाहिली. फट उघडतेय, मिटतेय, आणि शिवण तशीच जागच्या जागी. दिसली मला. बुधवारी आम्हा दोघांची वेळ घेतलीय.