उगवत्या हेवीवेट मुष्टियोद्ध्याची पारख नेमकी कशावरून करावी?

नवी_फेरी

सर्वांना नमस्कार. हेवीवेट गटात, म्हणजे २०० पौंडांच्या (सुमारे ९०.७ किलो) वरच्या गटात, दर काही वर्षांनी एखाद्या तरुणाचा भावी विश्वविजेता म्हणून गाजावाजा होतो. जॅरेड अँडरसनबद्दल असेच बोलले जात होते. १७ लढती, १७ विजय, त्यांत १५ नॉकआउट अशी त्याची नोंद होती, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मार्टिन बकोलेने त्याला पाचव्या फेरीत संपवले. आता मोझेस इटाउमाबद्दल तशाच अपेक्षा व्यक्त होत आहेत. माझा प्रश्न असा, की मोठी परीक्षा होण्याआधी, केवळ सुरुवातीच्या लढती पाहून, प्रेक्षकाला अशा खेळाडूची खरी कुवत ओळखता येते का? येत असेल, तर नॉकआउटच्या आकड्यापलीकडे कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शेवटची_घंटा

प्रश्न महत्त्वाचा आहे. माझे स्पष्ट मत असे, की नॉकआउटचे प्रमाण ही हेवीवेट गटातली सर्वांत फसवी नोंद आहे. या वजनाच्या माणसाचा नीट बसलेला ठोसा कोणालाही आडवा करू शकतो, आणि प्रतिस्पर्धी निवडणारी मंडळी सुरुवातीला असेच लोक समोर उभे करतात, ज्यांना तो बसेल. त्यामुळे त्या आकड्यातून खेळाडूपेक्षा त्याच्या प्रवर्तकाच्या निवडीचीच माहिती अधिक मिळते.

डिऑन्टे वाइल्डरचे उदाहरण घ्या. जानेवारी २०१५ मध्ये बर्मेन स्टिव्हर्नसमोर तो उतरला, तेव्हा त्याने ३२ पैकी ३२ लढती नॉकआउटने जिंकल्या होत्या आणि त्यांतली एकही चौथ्या फेरीच्या पुढे गेली नव्हती. बारा फेऱ्यांचा दमसास त्याच्याकडे आहे की नाही, हे त्या ३२ लढतींतून कोणालाही सांगता येत नव्हते. त्या रात्री तो पूर्ण बारा फेऱ्या खेळला, जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाच्या) आधारे गुणांवर जिंकला, आणि त्याच्याविषयी काही ठोस कळले ते तेव्हाच. उलट बाजूला डेव्हिड प्राइस आहे. ऑलिम्पिक कांस्यपदक, प्रचंड उंची, दणकट उजवा हात आणि सलग १५ विजय असे सगळे त्याच्या नावावर होते. तरीही फेब्रुवारी २०१३ मध्ये ४१ वर्षांच्या टोनी थॉम्पसनने त्याला दुसऱ्याच फेरीत पाडले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पुन्हा हरवले.

म्हणून लढत पाहताना मी आधी समोरच्या माणसाकडे पाहतो. तो कशासाठी आला आहे? काही जण केवळ उभे राहून मानधन घ्यायला येतात. काही अनुभवी असतात; त्यांना मिठी मारणे, अंगावर भार टाकून दमवणे, खांदा अडवून ठोसा बोथट करणे हे सारे येते, आणि त्यांच्याविरुद्धच्या कंटाळवाण्या फेऱ्यांतून तरुणाविषयी पुष्कळ कळते. आपण जिंकू, असा खरा विश्वास घेऊन आलेला प्रतिस्पर्धी मात्र फार क्वचित मिळतो. बकोले तसा होता, आणि पहिल्याच फेरीत अँडरसन खाली गेला.

माइक टायसनच्या पहिल्या १९ लढती नॉकआउटने संपल्या. आजही त्यांचीच दृश्ये सर्वाधिक फिरतात. माझ्या मते मे १९८६ मधल्या त्यानंतरच्या दोन लढती, जेम्स टिलिस आणि मिच ग्रीन यांच्याविरुद्धच्या, त्या एकोणिसांहून मोलाच्या आहेत. दोघेही दहा फेऱ्या टिकले. प्रतिस्पर्धी पडत नाही, हे उमगल्यावर हा मुलगा बिथरतो का, त्याचे डोके हलणे थांबते का, हात मंदावतात का, या प्रश्नांची उत्तरे त्या वीस फेऱ्यांत मिळाली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, आपल्या अठ्ठाविसाव्या लढतीत, तो २० वर्षांचा असताना विश्वविजेता झाला. ज्यांनी टिलिसची लढत लक्षपूर्वक पाहिली होती, त्यांना त्याचे फारसे आश्चर्य वाटले नसावे.

डावा_पवित्रा

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या लढतीतूनही काही कळते, हे नोंदवावेसे वाटते. फक्त डोळे ठोशावर न ठेवता ठोशानंतरच्या क्षणावर ठेवायला हवेत. जॅब मारल्यावर डावा हात हनुवटीपाशी परत येतो की कमरेकडे ओघळतो? जोरदार उजवा हुकल्यावर दोन्ही पाय अंगाखाली राहतात की शरीर पुढे झोकांडते? प्रतिस्पर्धी कितीही सामान्य असला, तरी या सवयी लपत नाहीत.

जो लुईस तरुण असताना अजिंक्य मानला जात होता. जॅबनंतर त्याचा डावा हात खाली येतो, हे मॅक्स श्मेलिंगने त्याच्या लढतींच्या चित्रफिती पाहून हेरले आणि जून १९३६ मध्ये नेमक्या त्या फटीतून उजवे ठोसे टाकत त्याला बाराव्या फेरीत बाद केले. लुईसच्या आधीच्या सहज विजयांतही तो दोष डोळ्यांसमोरच होता. कोणी त्याची किंमत वसूल केली नव्हती, इतकेच.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिस्पर्धी डळमळला असताना तरुण काय करतो. जून २०१९ मध्ये अँथनी जॉशुआने तिसऱ्या फेरीत अँडी रुईझला पाडले, त्याला संपवण्याच्या घाईत तो अंतर विसरून ठोशांच्या देवाणघेवाणीत शिरला, आणि रुईझच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) सारा डाव उलटला. सातव्या फेरीत लढत थांबली. संपवण्याची घाई ही सवय आहे, आणि ती चौथ्या-पाचव्या व्यावसायिक लढतीतच दिसू लागते. माझ्या दृष्टीने समोरचा लडखडल्यावर अर्धे पाऊल मागे घेऊन नेमका ठोसा निवडणारा तरुण, वीस ठोशांचा पाऊस पाडणाऱ्यापेक्षा अधिक आश्वासक असतो.

कोपऱ्यातून

हौशी मुष्टियुद्धातील पदकांविषयी थोडेसे. ऑलिम्पिक सुवर्णपदक कौशल्याची साक्ष देते, व्यावसायिक यशाची हमी देत नाही. सिडनीचा (२०००) सुवर्णविजेता ऑडली हॅरिसन विश्वविजेता होऊ शकला नाही; रिओचा (२०१६) टोनी योका बकोलेकडून आणि नंतर कार्लोस ताकामकडूनही हरला. तीन फेऱ्यांत गुण मिळवणे आणि बारा फेऱ्या भार सोसणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. याउलट फेबियो वॉर्डलीकडे हौशी कारकीर्द जवळजवळ नव्हतीच, तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने टोकियोचा कांस्यपदक विजेता फ्रेझर क्लार्क याला पहिल्या फेरीत हरवले आणि पुढच्या वर्षी जोसेफ पार्करला अकराव्या फेरीत थांबवले. मात्र वॉर्डलीचा दाखला देऊन पदकेच निरर्थक ठरवू नयेत. ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून पुढे विश्वविजेता झालेल्या ओलेक्झांडर उसिकच्या पायांची चाल, कोन बदलणे आणि संयम ही दीर्घ हौशी शिक्षणाचीच कमाई आहे.

नवी_फेरी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. यातून एक उपप्रश्न निघतो. असा तरुण एकदा वाईट रीतीने हरला, तर त्याच्याविषयीचे मत कितपत बदलावे? नोव्हेंबर २०२० मध्ये डॅनियल डुबॉइस जो जॉइससमोर गुडघा टेकून बसला आणि लढत हरला, तेव्हा त्याच्या मनोधैर्यावर अनेकांनी कायमची फुली मारली होती. शिवाय इटाउमाविषयी आपण काय म्हणाल?

शेवटची_घंटा

डुबॉइसवर तेव्हा झालेली टीका मला आजही अन्यायकारक वाटते. त्याच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले होते आणि जॉइसचा जॅब वारंवार तिथेच बसत होता. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने आपली दृष्टी वाचवली, यात धैर्याचा अभाव कुठे आला? २०२४ मध्ये त्याच खेळाडूने फिलिप ह्रगोविचला आठव्या फेरीत आणि जॉशुआला पाचव्या फेरीत हरवले. पराभवाकडे पाहताना मी कारण शोधतो. दम संपला असेल, तर तो सरावाने आणि लढतीच्या वेगावर ताबा ठेवून सुधारता येतो. व्लादिमीर क्लिच्कोला १९९८ मध्ये अनेक लढती हरलेल्या रॉस प्युरिटीने अकराव्या फेरीपर्यंत पुरते दमवून हरवले होते. पुढे आणखी दोन धक्कादायक पराभव पचवून, प्रशिक्षक इमॅन्युएल स्टीवर्डच्या हाताखाली जॅब, अंतर आणि मिठी यांवर उभी केलेली शैली घेऊन, तो २००६ ते २०१५ विजेता राहिला. मात्र एकाच प्रकारचा ठोसा एकाच चुकीमुळे पुन्हा पुन्हा बसत असेल, तर मला अधिक काळजी वाटते, कारण तिथे शिकण्याची तयारीच प्रश्नांकित होते.

इटाउमाविषयी मी ऑगस्ट २०२५ मधल्या डिलियन व्हाइटविरुद्धच्या लढतीपर्यंतच बोलतो. वीस वर्षांच्या मुलाने व्हाइटसारख्या खेळाडूला पहिल्या फेरीत संपवणे ही मोठी गोष्ट आहे, परंतु व्हाइट तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि त्याचा बहर ओसरला होता. डावखुरा पवित्रा, हातांचा विलक्षण वेग आणि पायांवरचा तोल हे गुण निर्विवाद आहेत. श्री. डावा_पवित्रा यांनी सांगितलेल्या कसोटीवरही तो उतरतो. समोरचा डळमळल्यावर तो ठोसे उधळत नाही, निवडून मारतो. पण तोवर तो सहा फेऱ्यांपलीकडे कधी गेलेला नव्हता आणि त्याच्या हनुवटीवर खरा जड ठोसा बसलेला आपण पाहिलेला नव्हता.

डावा_पवित्रा

सहमत. त्यात एकच भर घालतो. वयाने तरुण, जॅब भक्कम असलेला आणि पुढे येत राहणारा उंच प्रतिस्पर्धी त्याच्यासमोर येईल, तेव्हा सातव्या-आठव्या फेरीत त्याचे मागचे पाऊल पाहा. दमलेला डावखुरा सहसा सरळ रेषेत मागे जाऊ लागतो. तेव्हाही तो बाजूला सरकत असेल, तर माझी शंका बऱ्याच अंशी मिटेल.